गाऱ्हाण्यातली सोंड

आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या माहेरच्यांनी सगळं विचारून घेतलं होतं. नोकरी कुठे, जागा कोणाच्या नावावर, गावचं घर कुठल्या वाडीत, दारू-तंबाखू काही आहे का. मुलगा झोपेत घोरतो का, हे मात्र एकाही शहाण्याने विचारलं नाही. आता ओळखीत कुठे लग्न जमतंय असं कळलं की मी आधी हेच सांगते. म्हटलं, पत्रिका राहू द्या बाजूला, मुलाला एक दिवस घरी जेवायला बोलवा, भरपूर वाढा, कॉटवर आडवा होऊ दे आणि तुम्ही दाराआड बसून ऐका. लोक हसतात. हसा बाबांनो, सत्तावीस वर्षांनी भेटू.

आमचे हे दिंडोशीच्या कोर्टात एका वकिलांकडे कारकून आहेत. दिवसभर कोर्टात हळू आवाजात बोलायचं असतं, बहुतेक ते सगळं साठवून ठेवतात आणि रात्री बाहेर काढतात. पाठीवर पडले की पाचव्या मिनिटाला सुरू. बिल्डिंगच्या पंपात हवा शिरली की तो कसा आधी घुसमटतो, मग खडखडतो, मग एकदम पाणी ओढतो, तस्सं. मालाड पूर्वेला आमचं वन-रूम-किचन, चौथा मजला. झोपायला दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर. तिथे मी किती रात्री काढल्या असतील ते फ्रिजला विचारा. फ्रिजच्या आवाजात निदान एक सातत्य तरी असतं हो.

बरं, माणूस कबूल करेल तर शप्पथ! "मी घोरतो? पुरावा काय?" हे त्यांचं पहिलं वाक्य. एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करून सकाळी चहाबरोबर ऐकवलं. शांतपणे पूर्ण ऐकलं, बिस्कीट खाल्लं आणि म्हणाले, "हा आवाज माझाच कशावरून?"

"मग काय माझा आहे?"

"तसं मी म्हटलेलं नाही. पण शक्यता नाकारता येत नाही."

चोराच्या उलट्या बोंबा! मुलीला साक्षीला उभी केली. तेव्हा ती कॉलेजात होती, परीक्षेच्या दिवसांत कानात कापूस घालून अभ्यास करायची. तर म्हणे, ती तुझ्या बाजूची आहे, हितसंबंधी साक्षीदार चालत नाही. आता ती पुण्याला नोकरीला गेली आणि फोनवर सांगते, "आई, इथे इतकं शांत आहे ना, पहिले दोन आठवडे मला झोपच लागली नाही." शेवटी साक्ष आली ती शेजारच्या वहिनींची. हे कामासाठी चार दिवस गावी गेले होते, तर तिसऱ्या दिवशी वहिनी दारात येऊन अगदी साधेपणाने म्हणाल्या, "भाऊजी नाहीत का हो घरी? नाही, दोन दिवस आमच्या ह्यांचं बीपी नॉर्मल आहे." मी ते जसंच्या तसं ह्यांच्या कानावर घातलं. तर हे वहिनींशी महिनाभर लिफ्टमध्ये बोलले नाहीत.

उपाय काय कमी केले? नाकात तूप सोडलं. उशी उंच केली, मग काढून टाकली. संध्याकाळचा भात बंद केला, तर मालवणी माणूस असा चेहरा करून बसला की मीच दोन दिवसांत वाटीभर टाकला. माझा व्यवसाय शिवणाचा, खालीच गाळा आहे, ब्लाउज आणि ड्रेस शिवते. तेव्हा कुणीतरी सांगितलं की पाठीवर झोपू दिलं नाही की घोरणं थांबतं, म्हणून मी ह्यांच्या बनियनला मागे, दोन खांद्यांच्या मध्ये, खिसा शिवला. टिच बटण लावलं. आत टेनिसचा चेंडू. शिवण इतकी सुरेख आली होती की मलाच माझं कौतुक वाटलं.

दोन रात्री झकास गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी हे तसेच कचऱ्याचा डबा ठेवायला खाली गेले, आणि अख्खी क्रिकेटची पोरं मागे लागली, "काका, आमचा बॉल!" ह्यांना कळेचना कुठला बॉल. पोरं पाठीकडे बोट दाखवतायत आणि हे स्वतःभोवती गोल फिरतायत. वर आले ते बनियन काढून माझ्या अंगावर टाकलं. "माझी या बिल्डिंगमध्ये काही इज्जत आहे की नाही?" मी म्हटलं, आहे ना, रोज रात्री सगळ्यांना ऐकू जाते.

असं सगळं आमचं चाललं होतं. भांडण असलं तरी त्यात गंमत होती, तेही मला मान्य आहे. गंमत संपली ती श्रावणात.

श्रावण म्हणजे माझ्या धंद्याची धावपळ. मंगळागौर, मग लगेच गणपती, सगळ्यांना ब्लाउज त्याच आठवड्यात हवेत. त्या दिवसांत मी रात्री धड तीन तासही झोपत नव्हते. एका बाईंनी आपल्या आईच्या जुन्या पैठणीचं ब्लाउज टाकलं होतं. कापड तेवढंच, एक वीत जास्त नाही. मी कापलं, शिवलं, हुक लावायला घेतलं आणि बघते तर दोन्ही बाह्या डाव्या. दोन्ही! कापड दुमडून कापायचं, म्हणजे एक डावी एक उजवी आपोआप येते, हे मी सोळाव्या वर्षी शिकले. तीस वर्षांत माझ्या हातून असलं कधी झालं नव्हतं. मी मशीनवर डोकं टेकून बसून राहिले. त्या बाई भल्या होत्या, उरलेली साडी आणून दिली, मी तिच्या पदराच्या आतल्या बाजूचा तुकडा काढून कशीबशी बाही जुळवली. पण त्यांनी ब्लाउज उलटसुलट करून बघितलं, ते बघणं मला लागलं.

त्या दिवशी घरी येऊन मी ह्यांना सरळ सांगितलं. "मस्करी बस झाली. उद्या तुम्ही डॉक्टरकडे येताय. नाहीतर मी पुण्याला मुलीकडे जाते आणि तिथेच गाळा टाकते."

माझा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच बहुतेक घाबरले. आले.

कान-नाक-घशाचे डॉक्टर म्हणजे एक तरुण माणूस, माझ्या मुलीहून दोन-चार वर्षांनीच मोठा असेल. त्याने ह्यांना कमी आणि मलाच जास्त प्रश्न विचारले. मध्येच आवाज थांबतो का? थांबतो, म्हटलं, तेवढाच काय तो मला आराम. मग दचकल्यासारखं करून पुन्हा सुरू होतात का? होतात. दिवसा पेंगतात का? मी म्हटलं, डॉक्टर, हे सिग्नलला उभ्या रिक्षात झोपतात. हे म्हणाले, "तो थकवा असतो." डॉक्टरने एक छोटं यंत्र दिलं, रात्री छातीला पट्टा आणि बोटाला चिमटा लावून झोपायचं. ते केलं. दोन दिवसांनी रिपोर्ट घेऊन बसलो, तेव्हा त्याने कागद माझ्याकडे वळवला. म्हणाला, "काकू, तो आवाज थांबतो ना, तेव्हा काकांचा श्वास थांबलेला असतो. रात्रीत कितीतरी वेळा. असंच राहिलं तर हृदयावर ताण येतो. हे हसण्यावारी नेऊ नका."

इतकी वर्षं ज्या शांततेची मी वाट बघायची, हुश्श म्हणून कूस बदलायची, तेव्हा ह्या माणसाचा श्वास अडकलेला असायचा. आणि मी काय म्हणायचे? सुटले बाई एकदाची.

उपाय होता. रात्री नाकावर मास्क लावायचा, त्याला नळी, नळीला उशाशी ठेवायचं एक मशीन, ते हवा सोडत राहतं. आम्ही ते घेतलं. ह्यांनी घरी आणून एकदा नाकाला लावलं, कपाटाच्या आरशात बघितलं आणि काढलं.

"ही सोंड लावून मी झोपणार नाही."

"कोण बघतंय तुम्हाला?"

"मी बघतोय ना. उद्या कोणी घरी आलं, विचारलं हे काय, तर काय सांगायचं? आयसीयूत झोपतो म्हणून?"

"आणि खरंच आयसीयूत झोपायची वेळ आली तर?"

"तसं काही होत नसतं. डॉक्टर घाबरवतात. आमचे बाबा नव्वदीपर्यंत घोरले."

मशीन पिशवीत घालून कपाटावर गेलं. मी विनवलं, भांडले, अबोला धरला. तो तर ह्यांना सोयीचाच पडला, दोन दिवस मन लावून पेपर वाचला. मुलीने फोनवर समजावलं, तिला "बघतो" म्हणाले. कोर्टातल्या माणसाचं "बघतो" म्हणजे पुढची तारीख, ते आम्हाला दोघींना पाठ आहे.

आणि माझी झोप? पूर्वी आवाजाने लागत नव्हती, आता शांततेने लागेना. मी स्वयंपाकघरातलं अंथरूण उचलून परत ह्यांच्या शेजारी आणलं. आवाज चालू असला की डोळे मिटायचे. थांबला की उघडायचे. मनात आकडे मोजायचे, एक, दोन, तीन, आणि दहाच्या पुढे गेलं की कोपर मारायचं. हे घुर्र करून उसळायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे, सकाळी म्हणायचे, "बरगडी दुखतेय, काल बसमध्ये आपटली वाटतं." मला हसूही यायचं नाही. मला भीती वाटायची, खरंच भीती वाटायची. कधीतरी माझा डोळा लागेल आणि नेमका तेव्हाच मोजायला कोणी नसेल.

गणपती आले तोवर माझ्या डोळ्यांखाली काजळ सांडल्यासारखं झालं होतं. आमच्या घराण्याचा दीड दिवसाचा गणपती थोरल्या दिरांकडे मुलुंडला असतो. सगळ्यांनी दोन दिवस तिथेच राहायचं अशी पद्धत. दीर सत्तरीचे, पोटात माया आणि तोंडात तिखट. मुंबईत जन्म गेला तरी घरात मालवणीच बोलतात. मला बघितलं आणि मोदकाचं ताट हातातून काढून घेतलं. "काय गो, आजारी आसस काय?"

कोणीतरी एवढं विचारण्याचीच मी वाट बघत होते. गॅलरीत गेलो आणि मी सगळं सांगून टाकलं, बाह्यांपासून बरगडीपर्यंत. मशीन मी बरोबर आणलं होतं, साड्यांच्या खाली पिशवीत, एक वेडी आशा म्हणून. दिरांनी ऐकलं, कान खाजवला. म्हणाले, "माझा तरी खय ऐकता तो? ल्हानपणापासून हट्टी." मग म्हणाले, "बघूया. उद्या गाऱ्हाणा हा ना."

हे गाऱ्हाणं काय ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्यात विसर्जनाला निघायच्या आधी घरातला मोठा माणूस गणपतीसमोर उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने मोठ्याने देवाला सांगणं घालतो. कोणाला मूल हवंय, कोणाची नोकरी अडलीय, कोण परीक्षेला बसतंय. ज्याचं जे असेल ते आधी मोठ्यांच्या कानात सांगून ठेवायचं. बायका स्वतः गाऱ्हाणं घालत नाहीत, पण त्यातला निम्मा मजकूर आमचाच असतो. आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी मिळून म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" एकदा का व्हय म्हाराजा म्हटलं की ते देवासमोर ठरलं. त्यातून माघार नाही, आमच्या घरात तरी कोणी घेतलेली नाही. आणि ह्या व्हय म्हाराजात सगळ्यात मोठा आवाज कोणाचा? आमच्या ह्यांचा. लहानपणापासून. डोळे मिटून, हात जोडून, छाती भरून.

दुसऱ्या दिवशी दुपारी आरती झाली. सगळे दाटीवाटीने उभे. दिरांनी टोपी सारखी केली, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत. काय चुकला माकला असात तर पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पुतण्याची नोकरी झाली, व्हय म्हाराजा. धाकट्या सुनेचं बाळंतपण झालं, व्हय म्हाराजा. घर एका लयीत आलं होतं. ह्यांचे डोळे घट्ट मिटलेले, मान डोलतेय. आणि दिरांनी त्याच सुरात, श्वासही न घेता पुढे चालवलं.

"म्हाराजा, तुका सोंड आसा. त्या सोंडेची तू कधी लाज धरलंस नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या माझ्या धाकट्या भावाचो झोपेत श्वास अडाकता. डॉक्टरान त्याका एक सोंड दिलेली हा, ती लावूक ह्येका लाज वाटता. ती लाज काढून टाक आणि आज रातीपासून तो ती सोंड रोज लावतलो, असा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज ह्यांचाच. भिंतीवरची झिरमिळी हलली. आणि मग डोळे उघडले. आधी दिरांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग गणपतीकडे. पोरंटोरं तोंडावर हात दाबून हसत होती. धाकटी सून तर पोट धरून खालीच बसली.

"ही फसवणूक आहे," हे म्हणाले. "माझी संमती नकळत घेतली."

"तू म्हटलंस की नाय?" दीर.

"ते सवयीने आलं तोंडातून."

"इतक्या साक्षीदारांसमोर तोंडातून इला," दीर म्हणाले, "आणि देवाकडे अपील नाय. चल, पाट उचल."

सोनारानेच कान टोचावे म्हणतात ते उगाच नाही. नेहमी मोरया म्हणून घसा बसवणारा माणूस, तलावापर्यंत नुसता पाटाला हात लावून चालत होता. मला जरा वाईट वाटलं. जराच.

संध्याकाळी लिंक रोडच्या बसने मालाडला आलो. मला वाटलं विसरले असतील किंवा तसं दाखवतील. पण अंथरूण पडल्यावर ह्यांनी स्वतःच पिशवी उघडली. पट्टा उलटा लावला, मी सरळ करून दिला, आमच्या दोघांत एवढंच काय ते झालं. "देवाला शब्द दिलाय म्हणून," मास्कच्या आतून आवाज आला. "तुझ्यासाठी नाही." मी म्हटलं, बरं. दिवा घालवला. खोलीत नुसता हवेचा बारीक, सरळ आवाज. मी सवयीने मोजायला लागले, एक, दोन... पुढचा आकडा मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा उन्हाचा पट्टा कपाटावर चढलेला. तो कधी तिथे येतो हेच मला माहीत नव्हतं, कारण त्या वेळी मी रोज गाळ्यात असते. घड्याळात सव्वाअकरा! धडपडत उठले. शेजारी मास्क घडी करून ठेवलेला, नळी नीट गुंडाळलेली. ह्यांचा पत्ता नाही. कोर्टाची बॅग खुंटीला तशीच. घरात चिटपाखरू नाही, आणि बाहेरचं दार नुसतं लोटलेलं.

दार उघडलं. हे जिन्याच्या चौकात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले होते. लुंगी, बनियन, मांडीवर पेपर. दारावरच्या बेलचा सेल काढून खिशात घातलेला. कुरिअरवाल्याला ओठांवर बोट ठेवून सही करून देत होते. माझी दोन गिऱ्हाइकं वर आली होती, त्यांना "बारानंतर" सांगून परत पाठवलं होतं. आणि शेजारच्या वहिनींना, ज्यांच्याशी कधीकाळी महिनाभर बोलत नव्हते, त्यांना जाऊन सांगून आले होते की कृपा करून इतक्यात कुकर लावू नका, शिटी आत ऐकू जाते.

"अहो, सव्वाअकरा वाजले! उठवायचं नाही का?"

हे नेहमीचं काहीतरी तिरकं बोलतील म्हणून मीही उत्तर तयार ठेवलं होतं.

"सहाला उठलो," म्हणाले. "तू हललीच नाहीस. सातला बघितलं, आठला बघितलं. मग भीती वाटायला लागली, म्हणून जवळ बसून ऐकत राहिलो." पेपरची घडी केली, पुन्हा उलगडली. "किती दिवसांची झोप राहिली होती गं तुझी?"

मला रडूच आलं. तिथेच, चौथ्या मजल्यावर, गाऊनवर, केसांचा पिंजरा झालेला असताना, कुरिअरवाल्यासमोर. थांबवता येईना. हे गडबडले, उठले, मला खुर्चीवर बसवलं आणि डोक्यावर हात ठेवला. मग शेजारच्या दाराशी गेले, हळूच टकटक केली आणि म्हणाले, "वहिनी, उठली हो ती. आता लावा कुकर."